बाकावर बसल्यानंतरची पावलं

माझ्या आईला ऐकू येत नव्हतं आणि ती सिनेमांना पावलांचे आवाज द्यायची. हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना सांगत आले आहे आणि लोक ते मला पुन्हा म्हणायला लावतात. पुन्हा म्हटलं तरी ते तसंच राहतं.

पडद्यावर माणूस चालतो तेव्हा जी पावलं ऐकू येतात ती त्याची नसतात. चित्रीकरणात माइक तोंडाजवळ असतो, पायांकडे कोणाचं लक्ष नसतं. पावलं मागाहून, एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत दुसरंच कोणीतरी टाकतं. नायक पळाला की आई जागच्या जागी पळायची. सासू जिन्यावरून उतरली की आई उतरायची. फौजा, चोर, नवऱ्या मुली, वॉर्डातून फिरणाऱ्या नर्सा, सगळ्यांचे पाय आईचे. मी शाळेत असताना वर्गातली मुलं ज्या खलनायकाला घाबरायची त्याचे बूट आमच्या आईच्या मापाचे होते आणि आत कापूस कोंबलेला होता. मी हे कोणाला सांगितलं नाही. आधीच कोणी विश्वास ठेवत नव्हतं.

ऐकू न येणाऱ्या बाईला हे जमायचं कसं, तर तिला बघता यायचं. माणूस टाच आधी टेकतो की चवडा, थकल्यावर कुठला पाय ओढतो, हे ती एकदा बघायची आणि तशी चालायची. तो आवाज कसा आला हे ऐकायला कानकाका होते. ते ध्वनिमुद्रक. कानामागे हात धरणं ही आईने त्यांच्यासाठी ठरवलेली खूण, म्हणून आमच्या घरात ते कानकाका. त्याच खोलीत टेबलापाशी हेडफोन लावून बसायचे. पाऊल जड पडलं की लाकडी जमिनीवर टाच आपटायचे, आईला तळपायातून कळायचं. दोघांनी मिळून इतके सिनेमे चालवले की एका समारंभात कोणीतरी त्यांना 'चालता बोलता इतिहास' म्हणालं. चालता आई, बोलता काका, हे ते विसरलं.

अलीकडे बहुतेक सिनेमांत पावलं सॉफ्टवेअर टाकतं. ती बरोबर पडतात. पण सिनेमा संपल्यावरच्या पाट्यांमध्ये एक हिरवा शिक्का यायला लागला आहे, की या सिनेमाचं काम माणसांनी, रास्त अटींवर केलं आणि त्यात सगळ्या तऱ्हेच्या माणसांना जागा मिळाली. शिक्का असला की सिनेमा परदेशातल्या महोत्सवांना जातो. त्यामुळे आमच्या स्टुडिओच्या तळघरातली पावलांची खोली टिकली. आई माणूस होती, बाई होती, तिला ऐकू येत नव्हतं आणि वयही झालं होतं. एकटीने शिक्क्याच्या चार बाजू सांभाळायची. कंपनीच्या माहितीपत्रकावर तिचा फोटो होता. फोटोत ती वैतागलेली दिसते, कारण फोटोग्राफरने तिला जोरजोरात 'हसा' म्हणून सांगितलं होतं.

बाबा मी लहान असताना गेले, त्यामुळे घरात ऐकू येणारी मी एकटीच. बोलायला लागले तेव्हापासून आईची दुभाषी. तिचा एकच नियम होता, गाळायचं नाही. समोरचा जे बोलला ते सगळं, जसंच्या तसं. शिव्या असल्या तर शिव्या. शाळेत बाईंनी तिला बोलावून तक्रार केली की तुमची मुलगी वर्गात फार बडबडते, उद्धट आहे, तेव्हा ती तक्रार मीच तिला खुणांनी सांगितली, उद्धट शब्दासकट. आईने मला विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "नाही, अजून म्हणाल्या की अक्षरही घाण आहे." घरी गेल्यावर मला अक्षराबद्दल ओरडा बसला, बाकी सगळं माफ.

दवाखान्यातही मीच होते. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "आता फार दिवस नाहीत. त्यांना कितपत सांगायचं ते तुम्ही ठरवा." मी आईला सगळं सांगितलं. ठरवा म्हणाले, हेसुद्धा सांगितलं. आई थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "काही गाळलंस?"

"नाही."

"मग ठीक," ती म्हणाली आणि चादर नीट करून घेतली.

आईला जाऊन महिना झाला होता तेव्हा कानकाकांचा फोन आला. त्यांना फोनवर दुःख व्यक्त करता येत नाही. सगळं आयुष्य आवाजात गेल्यामुळे स्वतःचा आवाज बिघडलेला त्यांना लगेच कळतो आणि मग ते गप्प होतात.

"अगं, शुक्रवारी येशील का स्टुडिओत?" ते म्हणाले. "आईच्या जागेवर एक मुलगी बघायची आहे. तिला ऐकू येत नाही. दुभाषी लागेल."

"कंपनीकडे दुभाषी नाही?"

"आहे ना. चांगला आहे. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा असतो त्याच्या." मग थांबले. "पण तू ये. आणि जरा आधी ये. एक गोष्ट मला बघून हवी आहे."

मला तसंही आईच्या चपला-बूट आणायला जायचं होतं. शुक्रवारी मी रिकामी पिशवी घेऊन गेले.

पावलांची खोली होती तशीच होती. जमिनीत चौकोनी खळगे, एकात खडी, एकात वाळू, एकात फरशी, एकात मोडक्या पलंगाच्या फळ्या. एका खळग्यात जुन्या कॅसेटमधल्या टेपांचा गुंता, त्यावरून चाललं की सुक्या गवताचा आवाज येतो. भिंतीला मांडणी, मांडणीवर बूट, सँडल, खडावा, स्लिपर, एकाही जोडाला मालक नाही. कानकाका टेबलापाशी होते. मी आत आल्यावर त्यांनी मान जरा बाजूला वळवली, नेहमी वळवतात तशी. ध्वनिमुद्रकाची सवय, कान पुढे करतात, असं सगळे म्हणायचे.

"बस," ते म्हणाले. "दार लाव."

मी दार लावलं. खोली एकदम बंद डब्यासारखी झाली.

"आईचा शेवटचा सिनेमा माहीत आहे ना? म्हातारी घर सोडून बसस्टँडपर्यंत चालत जाते तो."

माहीत होता. आई त्या म्हातारीला 'रडकी' म्हणायची, कारण ती दोन्ही पाय ओढत चालते. अर्धी वाट चालून झाली आणि आई दवाखान्यात गेली.

"उरलेली वाट मी पुरी केली," काका म्हणाले. "तिने सरावाला चालून ठेवलेलं बरंच पडलं होतं माझ्याकडे. त्यातूनच जोडलं. म्हटलं, दुसऱ्या कोणाचे पाय कशाला. पाठवून दिलं. तर दिग्दर्शकाचा फोन. म्हणे, काका, बाकापाशी तुम्ही जे केलंत ना, ते तुम्हीच करू जाणे. मी रडलो म्हणे."

"मग?"

"मी म्हटलं, आभारी आहे."

"काय केलं होतं बाकापाशी?"

"तेच तुला विचारायला बोलावलंय," काका म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पडद्यावर प्रसंग लावला आणि हात मांडीवर ठेवून बसले, परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखे.

पडद्यावर म्हातारी घरातून निघाली. कापडी सँडल, हातात बोचकं. माझ्या आईची पावलं तिच्या पायांत पडत होती, जराशी ओढत, डावं उजव्यापेक्षा उशिरा. ती भिंतीकडेने गेली, वळली, मोकळ्या रस्त्याला लागली. तिथे एक बाक होता. म्हातारी बाकावर बसली. बोचकं शेजारी ठेवलं, सँडलचा पट्टा सैल केला.

आणि आई चालतच राहिली.

म्हातारी बाकावर बसून समोर बघत होती, आणि तिची पावलं तिला सोडून पुढे जात होती. रस्ता संपेपर्यंत. बस आली, बसचं दार उघडलं, तरी चालत होती. मग प्रसंग संपला.

काकांनी खाकरून विचारलं, "काय आहे?"

"ती बसली आहे, काका. ती बाकावर बसते आणि पावलं चालू राहतात."

"कुठला बाक? बाक नव्हता तिथे. सरळ चालत जाते ती."

"आता आहे. नंतर बदललं असेल. तुम्ही पावलं जोडताना बघितलं नाही का?"

काकांनी मान पुन्हा बाजूला वळवली, आणि या वेळी मला दिसलं, की ते कान पुढे करत नव्हते. ते मला डोळ्यांच्या कडेने बघत होते.

"मधलं गेलंय," ते म्हणाले. "कडेकडेचं आहे. जिना दिसतो, दार दिसतं, माणूस आलंय हे कळतं. तोंड आहे तिथे डाग. पडदा आहे तिथे मोठा डाग."

"कधीपासून?"

"मधे चार दिग्दर्शक होऊन गेले."

"आईला माहीत होतं?"

"तुझी आई सांगायची ना मला. आता वळला, आता थांबला, आता मेला." त्यांनी स्वतःचा तळहात वर केला. "इथे."

ते मी बघितलं होतं. गेली काही वर्षं आई त्यांच्या तळहातावर खुणा करायची. स्टुडिओत त्यावरून कुजबुज व्हायची. आईपर्यंत ती पोचायची नाही, कारण तिला ऐकू येत नव्हतं. माझ्यापर्यंत पोचायची आणि मी तीसुद्धा तिला जशीच्या तशी सांगितली होती. आई खूप हसली होती. पण खरं कारण सांगितलं नव्हतं. दुसऱ्याचं गुपित माझ्यापासूनही राखलं होतं तिने. गाळायचं नाही हा नियम माझ्यासाठी होता.

"आंधळं दळत होतं आणि बहिरी चाळत होती," काका म्हणाले. "पीठ बरं पडायचं."

मी विचारलं, की हे सांगून का टाकत नाही. कंपनीत आता नियम आहेत, दिसत नाही म्हणून कोणाला काढता येत नाही.

"काढत नाहीतच. मान देतात. वाद्यं जुळवायचा तो आपला सतारवाला, त्याचे कान गेले. त्याला समारंभ करून नव्या वाचनालयाचा प्रमुख केला."

"मग चांगलं आहे की."

"वाचनालय व्हायचं आहे अजून. तो तिथे बसलेला असतो." त्यांनी टेबलाची कड चाचपली, जिथे वर्षानुवर्षं हात ठेवून लाकूड गुळगुळीत झालं होतं. "मला इथून उठायचं नाही. एवढंच आहे माझं. ही मुलगी आज पसंत पडली, एकदा रुळली, की हळूच तिला सांगीन. तोवर तू काही बोलू नकोस."

"मी माझं काही बोलत नसते, काका. दुसरं कोणी बोललं तर सांगते."

"माहीत आहे," ते म्हणाले. "आईचीच आहेस."

थोड्या वेळाने अधिकारी मॅडम आल्या. कंपनीत सगळ्यांना न्यायाने काम मिळतंय की नाही हे बघणं त्यांचं काम. माझ्यापेक्षा लहान असतील. चालताना वाटेतल्या प्रत्येकाला आधी पुढे जाऊ देतात, त्यामुळे त्यांना पोचायला उशीर होतो. त्या आईबद्दल चार शब्द बोलल्या, आणि ते चारही खरे होते. मग म्हणाल्या, "आणि काका, तुमचा तो बाकाचा प्रसंग. वर सगळ्यांना दाखवला आम्ही. पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात घेतोय. माणूस काय करू शकतो, जे यंत्राला कधीच जमणार नाही."

"यंत्र काय म्हणालं?" काकांनी विचारलं.

"तपासणीच्या सॉफ्टवेअरने तिथे लाल खूण केली होती. व्यक्ती बसलेली, पावलं चालू." मॅडम हसल्या. "त्याला काय कळणार."

काका हसले नाहीत.

तेवढ्यात ती मुलगी आली. पाठीला सॅक, बुटांच्या नाड्या सुटलेल्या, आल्या आल्या खोलीभर नजर फिरवली आणि मला खुणेने म्हणाली, "गोदाम आहे की काय?" मी ते मोठ्याने सांगितलं. काका म्हणाले, "होय, पायांचं." ते मी तिला सांगितलं. तिला ते आवडलेलं दिसलं.

तिने मांडणीवरून कापडी सँडल उचलले. आईचे. तिला जरा सैल झाले, तिने पट्टा शेवटच्या भोकात घातला. मी पिशवीची घडी घालून मांडीवर ठेवली.

म्हातारीची वाट, आई थांबली होती तिथून पुढे. मुलीने एकदा नुसतं बघितलं, मग चालून दाखवलं. बरं चालली. अर्ध्यात काकांनी टाच आपटली. ती थांबली आणि पायाखाली बघितलं.

"हा माणूस लाथा का मारतोय?"

मी सांगितलं. काका म्हणाले, "जड पडतंय म्हणून. हलकं टाक म्हणावं."

"मग तसं सांगा ना. मी काय घोडा आहे?"

मॅडम म्हणाल्या, "खरं आहे, सूचना कशी द्यायची यावर आपण एक सत्र ठेवू."

"तिला म्हणावं, कानामागून आली आणि तिखट झाली," काका म्हणाले.

हे खुणांत सांगणं सोपं नव्हतं. मी प्रयत्न केला. मुलगी म्हणाली, "कानांशी माझा संबंध नाही. तिखट मी आधीपासून आहे." काका पहिल्यांदा हसले.

पुन्हा चालली. या वेळी काकांनी टाच हळू आपटली आणि तिने मान डोलावून पाऊल हलकं केलं. मला वाटलं, झालं, जमलं. काम संपल्यावर ती थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून विचारलं, कसं झालं? काकांनी मान बाजूला वळवली. ती बाजूला सरकली. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. ती पुन्हा समोर आली, आणि स्वतःचा हात त्यांच्या चेहऱ्यासमोर धरून सावकाश एका कडेला नेला. कडेला गेल्यावर काकांचे डोळे हाताकडे वळले.

ती माझ्याकडे फिरली.

"याला समोरचं दिसत नाही," तिने खूण केली. "माझी आजी अशीच बघते."

मॅडमनी उत्सुकतेने विचारलं, "काय म्हणतेय ती?"

मला आठवतं, की मी आधी सँडलकडे बघितलं. मग काकांकडे. त्यांना माझे हात दिसत नव्हते, तिचेही दिसले नव्हते, पण मी गप्प होते हे त्यांना ऐकू येत होतं. ते टेबलाची कड धरून बसले होते. आईला सगळं सांगून झाल्यावर तिने चादर नीट केली होती, ते मला आठवलं. ती वेळ मी निभावली होती. त्या मानाने हे सोपं असायला हवं होतं, आणि नव्हतं.

"याला समोरचं दिसत नाही," मी म्हटलं. "माझी आजी अशीच बघते."

मॅडम आधी माझ्या आजीबद्दल काहीतरी विचारणार होत्या, मग त्यांच्या लक्षात आलं.

"काका?"

"बरोबर आहे तिचं," काका म्हणाले.

मॅडम खडीच्या खळग्याच्या कडेवर बसल्या. खडी करकरली. काकांनी सवयीने मान वळवली, कारण आवाज चांगला आला होता.

"मग इतकी वर्षं पडदा कोण बघत होतं?"

"हिची आई."

"आणि ऐकत कोण होतं?"

"मी."

"म्हणजे तुम्ही दोघं मिळून…"

"दोन पगारांत दीड माणूस होता, मॅडम. ती पाऊण, मी पाऊण. आता पाऊणच उरलंय."

मी हे सगळं मुलीला सांगत होते. मॅडम रागावल्या नाहीत. त्या दुखावल्या, आणि ते जास्त अवघड असतं. म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला सांगायला हवं होतं. आमच्याकडे यासाठी तरतूद आहे. दिसत नसेल त्याला आम्ही बघणारा मदतनीस देतो. ऐकू येत नसेल त्याला ऐकणारा मदतनीस देतो."

मुलगी म्हणाली, "म्हणजे यांच्याजवळ एक बघणारा बसेल आणि माझ्याजवळ एक ऐकणारा."

"हो," मॅडम म्हणाल्या.

"मग ते दोघंच काम करतील की. आम्ही काय करायचं?"

"वाचनालय आहे," काका म्हणाले.

मी वाचनालयाची गोष्ट मुलीला समजावून सांगितली. त्याला जरा वेळ लागला. मॅडम खाली बघत होत्या. मग मुलगी म्हणाली, "मदतनीस नकोत. मी बघते, हे ऐकतात. हे माझे मदतनीस, मी यांची."

"तसं करता येत नाही. मदतनिसाला स्वतःला काही अडचण नसावी, असा नियम आहे."

"कोणी केला?"

"वर एक समिती आहे."

"समितीत माझ्यासारखं कोणी आहे?"

मॅडमना खोटं बोलता येत नाही; त्यांच्या कामात तो दोषच मानला जात असेल. "नाही," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "माझ्यासारखंही फारसं कोणी नाही."

काका खुर्चीत सरळ झाले.

"माझं काय करायचं ते वर विचारा. पण त्याआधी एक दुरुस्ती करायची आहे. बाकापाशी जे आहे ती चूक आहे. ती बाई बसली हे मला दिसलं नाही."

मॅडमच्या चेहऱ्यावर माहितीपत्रक दिसलं. "पण दिग्दर्शक तर रडले."

"रडू देत. हिची आई कधी बसलेल्या माणसाला चालवणार नाही. पाटीवर तिचं नाव येणार. तिच्या नावाखाली माझी चूक जाणार नाही."

"काका, तो प्रसंग राहिला तर तुमची बाजू भक्कम राहते," मॅडम हळूच म्हणाल्या. "वर विचारताना मला तेवढंच दाखवता येईल."

"मग दुसरं काही दाखवा. ही आता काय करते ते दाखवा."

मॅडम उठल्या नाहीत. तेच त्यांचं उत्तर होतं असं आम्ही धरलं.

मी मुलीला विचारलं, की यांच्या तळहातावर खुणा करशील का, आई करायची. तिने काकांचा हात उचलून उलटासुलटा करून बघितला, दुकानात वस्तू बघतात तसा. मग त्यांची खुर्ची खळग्याजवळ ओढली. काकांनी हेडफोन लावले, दुसरे मला दिले. वाट सुरुवातीपासून लावली. आधी आई. घर, भिंत, वळण. ती थांबली होती त्या जागेवर मुलीने पाऊल टाकलं.

"जोड कळला?" काकांनी मला विचारलं.

मला कळला. आईचं डावं पाऊल उशिरा पडायचं, हिचं वेळेवर पडत होतं. "कळला," मी म्हटलं.

"मलाही. दुसऱ्या कोणाला कळायचा नाही."

"तिला सांगू का, डावं उशिरा टाक म्हणून?"

काकांनी विचार केला. "नको. तिचं तिला चालू दे."

म्हातारी बाकाशी आली. मुलगी थांबली, सँडलचा पट्टा बोटाने सैल केला, तेवढा बारीक आवाज झाला. मग तिने हात लांब करून काकांच्या तळहातावर खूण केली. आईची खूण वेगळी असायची, पण काकांनी मूठ मिटली म्हणजे त्यांना कळली. पडद्यावर म्हातारी बसून राहिली. हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. मी वाट बघत होते, आणि काही आलं नाही.

दिग्दर्शकाला मॅडमनी संध्याकाळी फोन केला. त्यांना नवीन प्रसंग पाठवला. ते म्हणाले, आपल्या मनात पहिल्यापासून शांतताच होती, काकांचा मान राखायचा म्हणून बोललो नाही.

वरून उत्तर यायला बरेच आठवडे लागले. उत्तर असं होतं, की दोघांनी एकमेकांचे मदतनीस म्हणून काम करायला तात्पुरती परवानगी आहे, समिती नियमाचा फेरविचार करेपर्यंत, आणि समितीत दोन जागा वाढवायच्या आहेत. मुलीने त्यातली एक मागितली. काकांनी दुसरी मागितली नाही. म्हणाले, बैठकीला बसलं की इथून उठावं लागतं. तात्पुरती परवानगी अजून तात्पुरतीच आहे. मॅडमना विचारलं तर त्या म्हणतात, मी मुद्दाम आठवण करून देत नाही.

चपला-बूट मी आणले नाहीत. त्यांची तिथे गरज आहे. माझं माप आईचं नाही.

सिनेमा लागला तेव्हा दुपारच्या खेळाला एकटीच गेले. म्हातारी घरातून निघाली. मी डोळे मिटले, तसं मी लहानपणापासून करते, म्हणजे फक्त आई उरते. भिंतीच्या कडेने, वळणावरून, डावं उशिरा. मग जोड. मग दुसरी पावलं. मग ती थांबली.

थिएटरात काहीच ऐकू येईना. शेजारचे गृहस्थ चुळबुळ करायला लागले, मागे वळून वरच्या खिडकीकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे वाकले.

"आवाज गेला का हो?"

"नाही," मी म्हटलं. "ती बसली आहे."